लॉरीला जुंपलेले बैल

बैलांच्या शेपट्या ही काही जन्मभर बघत बसावी अशी चीज नाही, पण वयाची विशी उलटेपर्यंत मी दुसरं फारसं काही बघितलंच नव्हतं. आमचं घर गाडीवाल्यांचं. शेती होती, चांगली काळीभोर होती, ती थोरला भाऊ बघायचा, पण वडिलांचा, म्हणजे आबांचा, जीव शेतापेक्षा गाडीत जास्त. तापीच्या अलीकडच्या काठाला, सारंगखेड्याच्या समोरच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी झाली की गावातला कापूस गाड्यांत भरायचा आणि नंदुरबारच्या जिनात नेऊन टाकायचा, हा उन्हाळा लागेपर्यंतचा उद्योग. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. गाड्यांची माळ निघाली की पहिली गाडी आबांची. वाटेतला खळगा न् खळगा त्यांच्या ओळखीचा, त्यामुळे मागचे गाडीवान खुशाल डुलक्या काढत. दुसरी गाडी माझी. माझ्यापुढे दोन शेपट्या, त्यांच्यापुढे आबांच्या गाडीतला कापसाचा ढीग, आणि त्याच्यापलीकडे जग. ते असावं असा माझा अंदाज होता.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आमच्या गावापुरता त्याचा अर्थ रॉकेल मिळत नाही एवढाच. नंदुरबारात मात्र आणखी एक गोष्ट घडली होती. ज्याला ज्याला मोटार चालवता येत होती तो तो पलटणीत भरती झाला. आणि नेमक्या त्याच वर्षी जिनाच्या शेठनं कुठल्या तरी संस्थानिकाच्या मोडीतून एक लॉरी उचलून आणली. लॉरी दारात आणि चालवणारा नाही. मग शेठनं शाळा काढली. विद्यादानाचं पुण्य वगैरे त्यात काही नव्हतं. जिनाच्या आवारात तिघांना लॉरी शिकवायची, लायसन निघालं की त्यांनी पुढचा हंगाम शेठची चाकरी करायची, असा सरळ सौदा.

ही बातमी मी कापूस उतरवताना ऐकली आणि त्या दिवसापासून माझं बैलांवरचं मन उडालं. लॉरीच्या पुढे काही नसतं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. नुसती काच आणि काचेपलीकडे सडक. घरी आल्यावर जेवताना मी विषय काढला. आमच्याकडे वाईट बातम्या जेवताना सांगायची पद्धत होती, कारण हात खरकटा असला की माणूस मारायला उठत नाही.

"आबा, मी लॉरी शिकाले जासू."

आबांनी घास गिळला. "कसाले?"

"सगळी दुनिया जाई ऱ्हायनी पुढे."

"दुनियाले जाऊ दे. लॉरी उनी म्हंजे आपली गाडी गई. आपला कापूस मन्हा पोऱ्या लॉरीमा भरी लई जाई, आन मी काय बैलस्ना आंगवरन्या माश्या मारू?"

मी भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत राहिलो. आबा पाणी प्यायले, त्यांनी हात धुतला आणि मग निकाल दिला.

"जाय, शिक. पन ध्यानमा ठेव, कानबाईना रोटमा तुन्ही मूठ पडाव नही."

मायच्या हातातली पळी तशीच राहिली. बाहेरच्या माणसाला ह्यात एवढं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना रोट म्हणतात. त्या रोटाचे गहू साधे मोजून घेत नाहीत. घरातला वडील माणूस सुपासमोर बसतो आणि घरच्या एकेका गडीमाणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतो. ज्याची मूठ पडली तो घरचा. ज्याची पडली नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याला रोट देत नाहीत. माझा एक चुलता सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून दुसऱ्याच्या घोडीसकट नाहीसा झाला होता. तो परत आला नाही, घोडीही आली नाही, पण त्याची मूठ आबा दरवर्षी न चुकता टाकत. म्हणजे आमच्या घरात घोडीचोराला जागा होती, ड्रायव्हरला नव्हती.

मला राग आला. रागाच्या भरात माणूस पायी नंदुरबार गाठू शकतो, हे मला त्या वेळी कळलं. माय गावाच्या शिवेपर्यंत आली आणि म्हणाली, "मी कानबाईले सांगसू, तू पास व्हशी." आबांनीही देवीला काहीतरी सांगितलं असणार आणि ते बरोबर उलटं असणार. एकाच घरातून दोन अर्ज आल्यावर देवीनं करायचं काय? मला तिचीच दया आली.

शाळेचा मास्तर एक म्हातारा उस्ताद होता. दाढी मेंदीनं लाल, अंगात खाकी कोट, पुढचे दोन दात गायब. मागच्या लढाईत त्यानं बसऱ्याला फौजेची लॉरी चालवली होती आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला बसऱ्याची आठवण करून देई. वरणात मीठ कमी पडलं तरी बसरा निघायचा. त्याच्या हातात बाभळीची बारीक छडी असे. ती तो डोक्यात किंवा पाठीत मारत नसे. चुकलेल्या पायाच्या घोट्यावर मारत असे, म्हणजे कुठला पाय चुकला ते वेगळं सांगावं लागत नसे.

विद्यार्थी आम्ही तिघे. एक मी. दुसरा खांडबाऱ्याकडचा, जंगलातली लाकडं स्टेशनावर वाहणारा गाडीवान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि माझ्या दुप्पट रुंद. तिसरा नंदुरबारातल्या सोनाराचा मुलगा. त्यानं जन्मात कासरा धरला नव्हता. बैल समोरून आला तर तो ओट्यावर चढून उभा राही. आम्ही दोघे गाडीवान त्याच्याकडे बघून गालात हसायचो. हा काय लॉरी चालवणार, असा आमचा होरा.

पहिले काही दिवस उस्तादनं आम्हाला आत बसूच दिलं नाही. लॉरी पुसा, चाकात हवा भरा, हँडल मारा. त्या काळी समोर लोखंडी हँडल खुपसून ते गरगर फिरवलं की इंजीन जागं होई, आणि जागं होताना रागावलं तर हँडल उलटं फिरवी. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर मनगट गेलं. "बसरे में तीन आदमी का हाथ गया," उस्ताद सांगे. दुसऱ्या दिवशी ते चार होत. आठवडा संपला तेव्हा बसऱ्यात कुणाला हात उरले असतील असं वाटेना.

मग एका सकाळी त्यानं मला आत बसवलं. हे चक्र, हा क्लच, हा ब्रेक, ही रेस. गिअर पडला, क्लच सुटला आणि लॉरी चालू लागली. काय सांगू! पुढे खरोखरच काही नव्हतं. मोकळं आवार, त्यापलीकडे कापसाचा पांढरा ढीग, वर आभाळ. मी खुशीत मोठ्यानं हसलो. ढीग जवळ येऊ लागला. उस्ताद म्हणाला, "रोक."

आता गाडीवान गाडी कशी थांबवतो ते ऐका. तो पुढच्या आडव्या लाकडाला दोन्ही पाय रोवतो, मागे रेलतो, कासरा छातीपर्यंत ओढतो आणि "हो, हो" म्हणतो. हे तो ठरवून करत नाही. लहानपणापासून ते अंगात मुरलेलं असतं. मीही तेच केलं. चक्र दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, पाठ मागे टाकली आणि जीव खाऊन पाय रोवले. डावा पाय रोवला गेला नुसत्या फळीवर. उजवा गेला रेसवर.

बैल असते तर जागच्या जागी थांबले असते. लॉरीनं उडी मारली. मी आणखी ओढलं, आणखी पाय रोवले, आणखी मोठ्यानं "हो, हो" म्हणालो, आणि ती आणखी जोरात सुटली. शेवटी कापसाच्या ढिगानं आम्हाला पोटात घेतलं. सगळीकडे एकदम शांत आणि पांढरं झालं. मला वाटलं, मेलो. स्वर्ग असाच असतो म्हणतात. तेवढ्यात माझ्या घोट्यावर छडी बसली, तेव्हा खात्री पटली की अजून नंदुरबारातच आहे.

"अबे, बैल है क्या ये?" कापसातून उस्तादचा आवाज आला. त्याची लाल दाढी पांढरी झाली होती.

खांडबारेकराला ह्याचा फार आनंद झाला. तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी आली आणि त्यानंही पाय रोवले. तो माझ्याहून जड, त्यामुळे लॉरी ढिगात माझ्यापेक्षा हातभर जास्त शिरली. तिसऱ्या दिवशी सोनाराचा मुलगा बसला. उस्ताद "रोक" म्हणाला आणि त्यानं ब्रेकवर पाय ठेवून लॉरी थांबवली, जशी काही ती त्याच्या बापानं सोन्यात घडवली होती. त्याचे पाय कोरे होते. त्यांना काही विसरायचं नव्हतं. आमचे पाय शिकून-सवरून वाया गेलेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. डोक्याला सगळं पाठ होतं. क्लच, ब्रेक, रेस, क्लच, ब्रेक, रेस, असं मी अंघोळीला बसलो तरी पुटपुटायचो. पण "रोक" ऐकलं की डोकं एकीकडे आणि पाय एकीकडे. उस्तादनं रेसला दोरी बांधली, माझ्या उजव्या पायात चप्पल घातली, मग डाव्या पायातली काढली, छड्या तर किती बदलल्या. कापसातून काढलेल्या लॉरीच्या नाकात सरकी जाऊन इंजीन शिंकायला लागलं. मला खरी भीती वेगळीच होती. नापास होऊन परत जायचं म्हणजे आबांच्या मागच्या गाडीवर बसायचं, आणि मूठ तर गेलेलीच. लॉरी नाही आणि घरही नाही. सारखी ती रोटाच्या दिवसाची बैठक डोळ्यांपुढे यायची, आबा एकेक नाव घेताहेत आणि माझं नाव आलं की घसा खाकरून पुढचं घेताहेत.

त्यात शेठचं लक्ष पेट्रोलकडे गेलं. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, आणि तेही मामलेदाराच्या मर्जीनं. आम्ही ते कापसात घालत होतो. शेठ मूळचा मारवाडकडचा, पण तीन पिढ्या नंदुरबारात काढलेला, रागावला की अहिराणीत रागावायचा.

"पेट्रोल काय तापीमा व्हावस का?" त्यानं उस्तादला विचारलं. "बंद करा हाई इंजीन. चक्रच शिकाडनं शे ना? मंग बैल जुपा पुढे."

उस्तादला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं बसऱ्याची, फौजेची आणि स्वतःच्या दाढीची शपथ घेऊन सांगितलं की त्यानं लॉरी चालवली आहे, टांगा नाही. शेठनं ऐकून घेतलं. आवारात कापसाच्या गाड्या नुकत्या येऊन लागल्या होत्या. त्याची नजर पहिल्या गाडीवर गेली, आणि पहिली गाडी कुणाची असणार?

"पाटील, जरा तुम्हनी जोडी द्या ना इकडे."

आबा एका शब्दात तयार झाले. तिथंच मला संशय यायला हवा होता. त्यांनी आपली पांढरी जोडी सोडून आणली, लॉरीच्या पुढच्या आसाला साखळी बांधली, साखळी जुवाला अडकवली आणि कासरा हातात घेऊन बैलांच्या बाजूला उभे राहिले. मी आत चक्र धरून बसलो. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खांडबारेकर आणि सोनाराचा मुलगा मागून रेटू लागले आणि लॉरी हलली. आणि मी समोर बघितलं तर काचेपलीकडे दोन शेपट्या. म्हणजे मी घर सोडलं, बापाचा राग ओढवून घेतला, छड्या खाल्ल्या, ते सगळं ह्या शेपट्या काचेतून बघायला.

"चाल रे राजा," आबा बैलाला म्हणाले. "मांगे देखू नको. मांगे माकड बठेल शे."

आवारातले हमाल, सरकी वेचणाऱ्या बाया, सगळ्यांना पुरेल इतकं हसू त्या एका वाक्यात होतं.

आबा कापूस घेऊन नंदुरबारात आले की दर खेपेला असं चाले. ते नसत तेव्हा दुसऱ्या कुणाचे बैल. चक्र फिरवणं मला चांगलं यायला लागलं, ते काही अवघड नव्हतं. पायांना मात्र काही कामच नव्हतं. सपाटीवर बैल थांबले की लॉरी आपोआप थांबे. मी मनातल्या मनात पाय रोवायचो, मागे रेलायचो आणि लॉरी थांबली की मला वाटायचं, आपणच थांबवली.

मग उस्तादला वाटलं की आवार लहान पडतंय. जिनाच्या फाटकापासून खाली सडकेपर्यंत उतार होता. त्या दिवशी आबा होते. फाटकातून बाहेर पडलो. उतार लागला तशी मागून रेटणाऱ्यांची गरज संपली, साखळी सैल झाली आणि बैल भराभर चालू लागले. आबा बाजूनं चालत होते. एवढ्यात खालून एक उसाची गाडी वळून नेमकी फाटकाच्या वाटेत आली.

"हो!" आबा ओरडले.

आबांचे बैल म्हणजे आबांचे बैल. "हो" म्हटल्यावर ते जिथे होते तिथे खिळले. लॉरीला "हो" कळत नव्हतं. माझे हात चक्र घेऊन छातीशी आले, पाठ मागे गेली, पाय रोवले गेले, आणि लॉरी उतारावरून सरळ बैलांच्या ढुंगणावर निघाली. मला डावीकडच्या पांढऱ्याची शेपटी दिसली. शेपटीखालचे त्याचे मागचे पाय दिसले, गुडघ्यावरचा तो जुना काळा डाग दिसला. त्याच्या जन्माच्या वेळी मी गोठ्यात होतो. वासराला कोरडं करायला मायनं माझाच सदरा फाडला होता. आता त्याचे पाय मोडणार, हे मला लख्ख दिसलं.

पण माझा उजवा पाय उठला. मी उठवला असं म्हणणार नाही. तो उठला, डावीकडे सरकला आणि ब्रेकवर पडला, आणि मी त्याच्यावर सगळा उभा राहिलो. लॉरी कुरकुरत, घसरत थांबली.

उसाचा गाडीवान तोंड उघडं ठेवून बघत होता. आबा हळूहळू बैलांच्या मागे आले. त्यांनी पांढऱ्याच्या मागच्या पायावरून हात फिरवला. मग बैलाचा पाय आणि लॉरीची पुढची पट्टी ह्यांच्यामध्ये आपला तळहात घालून बघितला. तळहात जेमतेम गेला, तोही उभा, जाडीपुरता. मग ते दाराशी आले. मी अजून ब्रेकवर उभाच होतो. मला वाटत होतं, पाय काढला तर लॉरी पुन्हा निघेल.

"कठे शे पाय तुन्हा?" त्यांनी विचारलं.

"बिरेकवर."

ते खाली वाकले आणि त्यांनी खरंच माझा पाय बघितला.

"उशीर करा," म्हणजे उशीर केलास, एवढंच म्हणून आबा बैल सोडायला गेले.

माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. उस्तादचं दुसरं. त्यानं छडी काखेत धरली, माझ्या घोट्यावर नुसतं बोट टेकवलं आणि म्हणाला, "अब पाँव जाग गया." बसऱ्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

त्या दिवसानंतर पाय पुन्हा कधी चुकला नाही. खांडबारेकराला मात्र बैल लावूनही गुण आला नाही. तो एक दिवस आपण होऊन उठला, "भो, मन्हा लाकडंच बरा शेतस," म्हणाला आणि खांडबाऱ्याच्या गाडीत बसला. त्याच्यासाठी मला वाईट वाटलं. त्याच्याइतका उमदा हसणारा माणूस मला पुढे फारसा भेटला नाही.

उन्हाळा सरता सरता धुळ्याहून परीक्षा घ्यायला साहेब आला. गोरा नव्हे, आपलाच, शुद्ध मराठी बोलणारा आणि अंगानं लहानखुरा. नेमका बाजाराचा दिवस. सोनाराच्या मुलानं आवारात अशी लॉरी चालवली की साहेबानं मान डोलावली. मग त्यानं आम्हाला एकेकट्याला बाजारातून स्टेशनकडे न्यायला सांगितलं. सोनाराच्या मुलाच्या वाटेत म्हैस आडवी आली, आणि बैलाला भिणारा तो म्हशीला काय पुरा पडणार? लॉरी तिथेच ठेवून तो दुसऱ्या दारानं उतरला. त्याला पुढच्या खेपेला बोलावलं.

माझ्या वेळी म्हैस तिथेच होती. भोंग्याचा रबर फाटलेला, वाजेना. मी दाराबाहेर अर्धा झुकलो आणि गाडीवानाच्या गळ्यानं अशी हाळी दिली की म्हैस, मिरचीवाल्या बाया आणि हवालदार, तिघेही एकदम बाजूला झाले. साहेबानं कानांवर हात ठेवले. स्टेशनापाशी लॉरी थांबवली. बरोबर ब्रेकनं थांबवली.

"आपण चालवता बरं," साहेब म्हणाला. "पण एवढं ओरडत जाऊ नका. लॉरीला कान नसतात."

लायसन मिळालं. दंडावर बांधायचा पितळी बिल्ला मिळाला. मी तो राखेनं घासला आणि दिवसभर मुद्दाम उजवा हात पुढे करून चाललो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मूर्ख आणि सर्वांत सुखी दिवस.

मग पाऊस आला आणि काळ्या मातीचे रस्ते बंद झाले. लॉरी पत्र्याखाली उभी. मी तिला वंगण घालत आणि उंदीर हाकलत बसलो. श्रावण लागला. गावचा एक माणूस सरकी न्यायला आला होता, त्याच्याबरोबर मायचा निरोप आला, "रोटले ये."

"आबा काय म्हनतस?" मी विचारलं.

तो माणूस भला होता. त्यानं खोटं सांगितलं नाही. "काहीच म्हनत नहीत," म्हणाला.

जावं की न जावं ह्यात माझे दोन दिवस गेले. पास झालो होतो, बिल्ला होता, पुढच्या हंगामाची नोकरी पक्की होती, तरी त्या सुपासमोर पाहुणा म्हणून बसायचं ह्या विचारानं मी बांधलेलं बोचकं पुन्हा सोडायचो. लायसन दाखवून काही मूठ मिळत नाही. शेवटी निघालो. दोंडाईच्यापर्यंत आगगाडी आणि पुढे गुडघाभर चिखल. बिल्ला मी दंडावरून काढून खिशात टाकला, मग पुन्हा बांधला, मग गावाच्या शिवेवर पुन्हा काढला.

घरात शिरलो तेव्हा गहू मोजायला नुकतीच सुरुवात झाली होती. सारवलेल्या जमिनीवर आबा बसलेले, पुढे गव्हाची टोपली, शेजारी सूप. थोरला भाऊ, त्याची दोन मुलं, भाऊबंदातले चारजण. मायनं माझ्या पायांवर पाणी घातलं. मी उंबऱ्याच्या आत, भिंतीशी बसलो, जिथे पाहुणे बसतात तिथे.

आबा एकेक नाव घेत होते. स्वतःचं, थोरल्याचं, नातवांचं. प्रत्येक नावाला सव्वा मूठ, सुपात. मग घोडीचोर चुलत्याचं नाव आलं, त्याचीही मूठ पडली. मग ते थांबले. मी खाली बघत होतो. मला टोपलीचा घासत सरकण्याचा आवाज आला. वर बघितलं तर आबांनी टोपली माझ्याकडे सरकवली होती, आणि तिच्या शेजारी एक रिकामं सूप.

"तुन्हं तू मोज," ते म्हणाले. "आते तू कमावता शे."

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्यात वेगळा निघालेला माणूस आपले गहू आपल्या हातानं, वेगळ्या सुपात मोजतो. त्यात अपमान नसतो. उलट त्या माणसाचं घर झालं, तो मोठा झाला, असा त्याचा अर्थ. आबांनी मला माझ्या पायांवर उभं केलं होतं, चारचौघांत. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. आणि मला इतकं पोरकं कधी वाटलं नव्हतं.

मी टोपलीत हात घातला. मूठ भरली आणि सुपाकडे नेली. ती इतकी शिगोशीग भरली होती की अर्धे गहू वाटेतच जमिनीवर सांडले. मी ते गोळा करायला वाकलो, पण आबांचा हात माझ्याआधी पोचला. ते खाली बघत एकेक दाणा वेचू लागले आणि आपल्या सुपात टाकू लागले.

"आबा," थोरला भाऊ म्हणाला, "त्या दाणा त्याना सुपना शेतस."

"माले माहीत शे," आबा म्हणाले आणि राहिलेले वेचत बसले.